उद्यानातील भव्य काष्ठ-बुद्धिबळ : प्रमाण, पदार्थ आणि कारागिरी

गोषवारा

उद्याने, सार्वजनिक चौक आणि शैक्षणिक संस्थांची आवारे यांमध्ये जमिनीवर आखलेल्या पटावर गुडघ्याएवढ्या किंवा त्याहून उंच सोंगट्यांनी खेळले जाणारे बुद्धिबळ हा मनोरंजनाचा एक प्रकार म्हणून परिचित आहे. परंतु अशा सोंगट्या लाकडात घडविणे ही तांत्रिकदृष्ट्या गुंतागुंतीची प्रक्रिया आहे. आकार वाढला की वजन, सुकण्याचा काळ, तडकण्याची शक्यता आणि निर्यातीचे नियम हे सर्वच बदलते. प्रस्तुत लेखात या बदलांची कारणमीमांसा केली असून, मोठी सोंगटी ही लहान सोंगटीची वाढवलेली प्रत नसून कारागिराने केलेली स्वतंत्र पुनर्रचना असते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. प्रस्तावना

बुद्धिबळ हा बैठा खेळ मानला जातो. दोन खेळाडू, मध्ये चौसष्ट घरांचा पट आणि बोटांच्या चिमटीत मावतील अशा बत्तीस सोंगट्या, हे त्याचे रूढ रूप होय. तथापि हाच खेळ उभ्याने, पटावर प्रत्यक्ष चालत खेळण्याची प्रथाही चांगलीच रुजलेली आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराच्या पार्क दे बास्तियाँ या उद्यानात आणि ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या कापिटेलप्लात्स या चौकात जमिनीवरील असे पट प्रसिद्ध आहेत. तेथे दोघे खेळतात आणि येणारे-जाणारे थांबून पाहतात, मनातल्या मनात चाली रचतात. खाजगी वाटणारा हा खेळ अशा रीतीने सार्वजनिक होतो.

या प्रकारासाठी साच्यातून काढलेले प्लॅस्टिकचे संच बाजारात सहज उपलब्ध आहेत. ते हलके असतात व त्यांना फारशी देखभाल लागत नाही. त्यांच्या तुलनेत हाताने घडवलेला लाकडी संच महाग, जड आणि नाजूक वाटतो. असे असताना लाकडी संचाचा विचार का करावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर केवळ सौंदर्यदृष्टीत शोधणे पुरेसे नाही. अशा संचात लाकडाच्या वर्तनाविषयीचे पिढ्यान् पिढ्यांचे ज्ञान साठवलेले असते. ते ज्ञान कोणते, हे समजून घेतल्याशिवाय संचाची निवड आणि त्याचे मूल्यमापन योग्य रीतीने होऊ शकत नाही.

२. पूर्वपीठिका

चतुरंग या खेळाचा उल्लेख सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरित’ या ग्रंथात आढळतो. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही या खेळाचे विवेचन आहे. पटाचा आकार वाढवून खेळ जमिनीवर आणण्याची कल्पनाही भारतीय परंपरेला अपरिचित नाही. फतेहपूर सीक्री येथील फरसबंद अंगणात पच्चिशीचा पट असून तेथे सोंगट्यांच्या जागी माणसे उभी करून अकबर खेळत असे, अशी परंपरागत समजूत आहे.

युरोपात या कल्पनेला उत्सवाचे रूप लाभले. इटलीतील मारोस्तिका या गावात साधारणतः दर दोन वर्षांनी सप्टेंबर महिन्यात पोशाख घातलेल्या माणसांचा व घोड्यांचा बुद्धिबळ-सामना रंगतो. त्यामागे १४५४ मधील एका प्रणयस्पर्धेची आख्यायिका सांगितली जाते. ती नाट्यरूपात बांधली मिर्को वुचेतिच यांनी १९५४ मध्ये. जर्मनीतील श्ट्रोबेक या गावात १८२३ पासून शाळेत बुद्धिबळ शिकवले जाऊ लागले आणि तेथेही सजीव सोंगट्यांचे बुद्धिबळ खेळण्याची परंपरा आहे.

जिथे माणसे उभी करता येत नाहीत तिथे लाकडी सोंगटी त्यांची जागा घेते. आज प्रचलित असलेल्या सोंगट्यांचे रूप ‘स्टाँटन’ या नावाने ओळखले जाते. नॅथॅनिएल कुक यांनी १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची नोंदणी केली, जॉन जॅक्स यांच्या कारखान्यात त्याचे उत्पादन झाले आणि हॉवर्ड स्टाँटन या नामवंत खेळाडूचे नाव त्याला मिळाले. उद्यानातील बहुतेक मोठे संच याच रूपावर आधारलेले असतात. परंतु हे रूप टेबलावरील खेळासाठी कल्पिलेले होते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

३. प्रमाणाचे गणित

जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या शिफारशीनुसार स्पर्धेतील राजाची उंची सुमारे ९.५ सेंटिमीटर असावी आणि सोंगटीच्या तळाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के असावा. उद्यानातील राजाची उंची ६० सेंटिमीटर धरली, तर उंची सुमारे ६.३ पट होते. पृष्ठफळ मात्र सुमारे ४० पट आणि घनफळ सुमारे २५० पट वाढते. घनफळाबरोबर वजनही त्याच पटीत वाढते.

हे उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. राजाच्या वळणदार देहाचा सरासरी व्यास १६ सेंटिमीटर धरल्यास ६० सेंटिमीटर उंचीच्या राजाचे घनफळ सुमारे १२,००० घन सेंटिमीटर येते. शिसमाच्या लाकडाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.७७ ग्रॅम धरली, तर या राजाचे वजन सव्वानऊ किलोग्रॅमच्या आसपास भरते. त्याच घाटाचा स्पर्धेतील लहान राजा त्याच लाकडात केला तर त्याचे वजन जेमतेम ३७ ग्रॅम असते. लहान राजाला स्थैर्य यावे म्हणून त्याच्या तळात धातूचे वजन भरण्याची पद्धत आहे. मोठ्या लाकडी राजाच्या बाबतीत प्रश्न नेमका उलटा होतो व वजन कसे कमी करावे, याचा विचार करावा लागतो.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र हे वजन उपयोगी पडते. वाऱ्याचा दाब पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढतो, तर वजन घनफळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे भरीव लाकडी सोंगटी जितकी मोठी तितकी ती वाऱ्यात अधिक स्थिर राहते. पोकळ प्लॅस्टिकच्या सोंगटीत मात्र पाणी किंवा वाळू भरावी लागते, त्याचे कारण हेच आहे.

उंचीला दुसरी एक मर्यादा दृष्टीची आहे. टेबलावर खेळणारा खेळाडू पट वरून पाहतो, तर उद्यानातील खेळाडू पटाच्या कडेला उभा राहून तो तिरकस पाहतो. डोळ्यांची उंची १६० सेंटिमीटर असलेला प्रौढ खेळाडू ६० सेंटिमीटर उंचीच्या राजामागे अर्धा मीटर अंतरावर उभा असेल, तर राजाच्या पलीकडची सुमारे ३० सेंटिमीटर जमीन झाकली जाते. डोळ्यांची उंची ११० सेंटिमीटर असलेल्या मुलाच्या बाबतीत हेच अंतर ६० सेंटिमीटर होते, म्हणजे एक संपूर्ण घर आणि त्यातील प्यादे दृष्टीआड जाऊ शकते. राजा ९० सेंटिमीटरचा केल्यास प्रौढालाही हीच अडचण येते. तात्पर्य, ‘जितके मोठे तितके चांगले’ हे सूत्र येथे लागू पडत नाही आणि शाळेच्या आवारासाठी घ्यावयाचा संच महाविद्यालयाच्या संचापेक्षा बुटका असणे हितावह ठरते.

पटाच्या घरांचेही तसेच आहे. स्पर्धेतील पटावर राजाचा तळ घराच्या रुंदीचा बराच भाग व्यापतो. जमिनीवरील पटावर खेळाडूला सोंगट्यांमधून पाऊल टाकत जावे लागते. त्यामुळे २७ सेंटिमीटर तळाच्या राजासाठी ३५ सेंटिमीटरचे घर हिशेबाने पुरेसे दिसले, तरी प्रत्यक्षात ४० ते ४५ सेंटिमीटरचे घर सोयीचे ठरते. अशा पटाची एक बाजू ३.२ ते ३.६ मीटर होते.

४. काष्ठाची निवड

भारतात लाकडी बुद्धिबळ-संचांच्या निर्मितीसाठी अमृतसर हे शहर विख्यात आहे. पूर्वी या शहरात हस्तिदंती कोरीवकाम चालत असे. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर १९९१ मध्ये कायद्याने बंदी आल्यानंतर या कलेला लाकडाचाच आश्रय उरला. हस्तिदंत कोरणाऱ्या हातांचे कसब घोड्याच्या आयाळीत आणि नाकपुडीत उतरले.

लहान संचातील पांढऱ्या सोंगट्यांसाठी हिमालयात वाढणाऱ्या चिकरी या वृक्षाचे लाकूड वापरले जाते. त्याचे तंतू अतिशय बारीक असल्याने नाजूक कोरीवकाम त्यात स्वच्छ उमटते. परंतु हा वृक्ष सावकाश वाढतो आणि त्याचे खोड बारीक असते. सत्तावीस सेंटिमीटर तळाची सोंगटी त्यातून निघणे व्यवहारतः अशक्य आहे. काळ्या सोंगट्यांसाठी मान्यता पावलेल्या आबनुसाची स्थितीही फारशी निराळी नाही. म्हणून आकार वाढताच लाकडाची जात बदलावी लागते आणि साग किंवा शिसम यांचा विचार करावा लागतो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. उत्तर भारतातील शिसम आणि महाराष्ट्रात परिचित असलेला शिसव हे एकाच प्रजातीतील असले तरी भिन्न वृक्ष आहेत.

उघड्यावरील वापरासाठी सागाचे अंतःकाष्ठ श्रेष्ठ समजले जाते. त्यातील नैसर्गिक तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी यांना त्यात सहसा थारा मिळत नाही. मात्र हा गुण खोडाच्या आतील परिपक्व भागाचा आहे. बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला तो लाभत नाही. लागवडीतील कोवळ्या झाडांत रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे केवळ ‘सागाचा संच’ एवढ्या वर्णनाने टिकाऊपणाची खात्री होत नाही.

५. तडकण्याची कारणमीमांसा

लाकूड सुकताना सर्व दिशांना सारखे आक्रसत नाही. ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क होईपर्यंत साग त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, तर वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसतो. ओंडका अखंड ठेवून सोंगटी घडवली की या दोन आकुंचनांतील सुमारे ३.३ टक्क्यांचा फरक परिघावर पडतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्याचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर असतो, म्हणजे फरक दोन सेंटिमीटरच्या घरात जातो. ओंडका पूर्ण शुष्क न होता हवेत सुकून १२ टक्के ओलाव्यापर्यंत आला, तरी सव्वा सेंटिमीटरची तूट राहतेच. ही तूट भरून निघण्यासाठी लाकडापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तडकण्याचा. जुन्या खांबांवर परिघापासून मध्यापर्यंत गेलेली उभी भेग दिसते, तिचे मूळ येथे आहे.

लहान सोंगटीत हाच फरक मिलिमीटरच्या अंशात राहतो. शिवाय ती खोडाच्या एका बाजूच्या तुकड्यातून काढता येते, त्यामुळे मधला भेंड तिच्यात येत नाही. मोठ्या सोंगटीला ही मुभा नसते. सुकण्याच्या काळाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. आतील ओलावा बाहेर येण्यास लागणारा वेळ साधारणतः जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेचार सेंटिमीटरचा ठोकळा सुकण्यास एक महिना लागत असेल, तर त्याच परिस्थितीत २७ सेंटिमीटरच्या ठोकळ्यास सुमारे ३६ महिने लागतील. तोवर बाहेरचा थर सुकून घट्ट होतो, आतला गाभा ओला राहतो आणि या ताणातून नव्या भेगा निर्माण होतात.

जाणता कारागीर या अडचणीतून दोन मार्ग काढतो. पहिला मार्ग म्हणजे पातळ फळ्या आधी नीट सुकवून, त्यांच्या वलयांची दिशा आलटून-पालटून, जलरोधक सरसाने चिकटवून ठोकळा तयार करणे. दुसरा मार्ग म्हणजे सोंगटीचा गाभा कोरून ती पोकळ करणे. सोळा सेंटिमीटरच्या देहातून आठ सेंटिमीटर व्यासाचा गाभा काढल्यास वजन एक-चतुर्थांशाने घटते. त्याबरोबर भेंड निघून जातो, लाकडाला आतून आक्रसण्यास वाव मिळतो आणि सुकणेही सुलभ होते. वजन, भेग आणि सुकण्याचा काळ या तीनही अडचणी अशा रीतीने एकाच कृतीने सौम्य होतात.

६. कातकाम आणि घोडा

राजा, वजीर, उंट, हत्ती आणि प्यादे या सोंगट्या मूलतः कातीव कामाच्या आहेत. कातयंत्रावर फिरणाऱ्या ठोकळ्याला पटाशी लावून कातारी त्यांचा घाट काढतो. एक सुबक प्यादे काढणे फारसे कठीण नसते. कठीण असते ती सोळा प्यादी एकसारखी काढणे. त्यासाठी घाटाचा पातळ नमुना आणि व्यासमापक यांचा आधार घेतला जातो. मोठ्या सोंगट्या अनेकदा तळ, देह आणि शिर अशा भागांत स्वतंत्र कातून लाकडी खुंटीने जोडतात. त्यामुळे लहान ठोकळे चालतात आणि एखादा भाग बिघडल्यास तेवढाच बदलता येतो.

घोडा मात्र कातयंत्राला दाद देत नाही. त्याचा तळ तेवढा कातता येतो, बाकी सर्व हाताने कोरावे लागते. मोठ्या घोड्यात लाकडाच्या तंतूंची दिशा निर्णायक ठरते. मान उभी असल्याने तंतूही उभे ठेवले, तर पुढे आलेल्या तोंडात ते आडवे पडतात आणि घोडा कोलमडल्यास तोंड सहज तुटते. म्हणून कुशल कारागीर तोंडाचा भाग वेगळ्या ठोकळ्यात, तंतू लांबीच्या दिशेने ठेवून घडवतो आणि नंतर मानेला जोडतो. उद्यानात सोंगट्या पडतात, मुले घोड्यावर बसण्याचाही यत्न करतात. हे गृहीत धरून केलेली ही रचना असते. टेबलावरील घोड्याला याची गरज नसते.

७. ऊन, पाऊस आणि रंगभेद

लाकूड हवेतील ओलाव्याशी सतत देवघेव करते. सुमारे ३० अंश सेल्सियस तापमानात सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असल्यास लाकडातील ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, तर आर्द्रता ९० टक्के झाल्यास तो २० टक्क्यांपर्यंत चढतो. दख्खनच्या पठारावरील उन्हाळा आणि कोकणातील पावसाळा यांचा विचार करता हा फेरा मोठा आहे. सोंगटीचा सर्वांत दुर्बल भाग तिचा तळ असतो, कारण तेथे तंतूंची कापलेली तोंडे थेट जमिनीला टेकतात आणि पाणी वर शोषून घेतात. ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला अनुकूल स्थिती निर्माण होते. त्यामुळे तळाला जलरोधक लेप देणे, त्याखाली लहान पाये बसवणे आणि पोकळ सोंगटीतील पाणी वाहून जाण्यास वाट ठेवणे आवश्यक असते.

उन्हाचा परिणाम आणखी मूलगामी आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे पृष्ठभागावरील लिग्निन हे द्रव्य विघटित होते आणि पावसाने धुऊन जाते. लेप नसलेले लाकूड, मग ते मुळात सोनेरी असो वा गडद तपकिरी, कालांतराने राखाडी होते. अन्य कोणत्याही लाकडी वस्तूच्या बाबतीत हा केवळ रंगातील बदल ठरेल. बुद्धिबळात मात्र त्यामुळे पांढरे आणि काळे सैन्य एकाच रंगाचे होऊन खेळच थांबतो. म्हणून तेल किंवा अतिनील-रोधक लेपाचा नियमित हात फिरवणे ही येथे शोभेची बाब राहत नाही. जवसाचे तेल ओलावा काही अंशी रोखते, पण उन्हापासून पुरेसे संरक्षण देत नाही. खेळ संपल्यावर सोंगट्या सावलीत, हवेशीर जागी ठेवणे हा सर्वांत साधा आणि परिणामकारक उपाय होय.

८. दहा किलोग्रॅमची सीमारेषा

अशा मोठ्या संचांची मागणी जेथे परदेशातून असते, तेथे कारागिराच्या उपजीविकेवर लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमही परिणाम करतात. शिसम आणि शिसव ज्या प्रजातीत मोडतात त्या डालबर्जिया या संपूर्ण प्रजातीचा समावेश संकटग्रस्त जीवजातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या (साइट्स) दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. हा निर्णय २०१६ मध्ये जोहान्सबर्ग येथे झाला आणि २ जानेवारी २०१७ पासून अमलात आला. शिसम हा वृक्ष भारतात दुर्मिळ नाही. परंतु या प्रजातीतील अनेक वृक्षांचे लाकूड परस्परांपासून ओळखणे कठीण असल्याने सर्वांनाच एक नियम लागला. २०१९ मध्ये जिनिव्हा येथे तयार वस्तूंना दर खेपेमागे १० किलोग्रॅमपर्यंत सूट देण्यात आली. सबंध बुद्धिबळ-संच पाठवणाऱ्यास ती तोकडी होती.

भारत सरकारने २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, या समावेशापूर्वी शिसमाच्या फर्निचर व हस्तकलावस्तूंची वार्षिक निर्यात १,००० कोटी रुपयांच्या आसपास होती, ती ५०० ते ६०० कोटींवर आली आणि सुमारे ५०,००० कारागिरांच्या उपजीविकेवर त्याचा परिणाम झाला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात पनामा येथील परिषदेत स्पष्टीकरण मिळाले. त्यानुसार शिसमाच्या प्रत्येक स्वतंत्र वस्तूचे वजन १० किलोग्रॅमपेक्षा कमी असल्यास, एका खेपेत कितीही वस्तू या कराराच्या परवान्याविना पाठवता येतात. वजन मोजताना केवळ लाकूड धरले जाते.

लहान संचांच्या निर्मात्यांना यामुळे मोठा दिलासा मिळाला. मोठ्या संचाच्या बाबतीत मात्र वर केलेला हिशेब पुन्हा आठवावा लागतो. ६० सेंटिमीटरचा भरीव शिसमी राजा सव्वानऊ किलोग्रॅमचा, म्हणजे सीमारेषेच्या अगदी अलीकडे आहे. तोच राजा ७५ सेंटिमीटरचा केला की वजन १८ किलोग्रॅमवर जाते आणि गाभा कोरूनही साडेतेरा किलोग्रॅमच्या खाली येत नाही. पंधरा सेंटिमीटरच्या वाढीने वस्तू एका नियमातून दुसऱ्या नियमात जाते. ती उंची हवीच असेल, तर लाकूड बदलावे लागते किंवा परवाना मिळवावा लागतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते, की उद्यानातील भव्य लाकडी संच ही अनेक निर्णयांची साखळी असते. उंची ठरवताना दृष्टी, लाकूड निवडताना खोडाची जाडी, ठोकळा करताना आकुंचन, घोडा कोरताना तंतूंची दिशा आणि शेवटी नियमातील वजन, या सर्वांचा मेळ कारागिराला घालावा लागतो. यांपैकी एकही प्रश्न टेबलावरील संच घडविताना या स्वरूपात उद्भवत नाही.

प्लॅस्टिकचा संच स्वस्त आहे आणि पावसाला भीत नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि त्यातील एक घोडा फुटला तर तो दुरुस्त करण्याचे साधन स्थानिक पातळीवर नसते. लाकडी संचातील हरवलेले प्यादे मात्र जवळचा कातारी उरलेल्या पंधरांकडे पाहून पुन्हा घडवू शकतो. लाकडी खेळण्यांची परंपरा जपणारे सावंतवाडीसारखे गाव ज्या राज्यात आहे, तेथे ही शक्यता केवळ काल्पनिक नाही. ज्या संस्था आपल्या आवारात असा पट मांडू इच्छितात, त्यांनी खरेदीपूर्वी किमान चार प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : लाकूड अंतःकाष्ठाचे आहे काय, ठोकळा अखंड आहे की जोडलेला, तळ कसा संरक्षित केला आहे आणि एखादी सोंगटी पुन्हा घडवून मिळेल काय. चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी राहील तोवर ही कारागिरी जिवंत आहे, असे म्हणता येईल. ते तसे राहण्यासाठी कातयंत्रावर पुढची पिढी बसणे आणि तिला काम मिळत राहणे आवश्यक आहे.